कॉलीबर्नचा उजवा हात

ह्यू ऑलिफंटच्या पत्राला वॉटी पिटकेर्नने उत्तर पाठवलं नाही, याचं कारण ते पत्र हरवलं होतं असं नाही. ते कॉलीबर्न रोव्हर्सच्या क्लबात, बारच्या मागे, डार्टच्या फळीशेजारी काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं. गावातल्या बहुतेकांना ते पाठ होतं. बाहेरगावचा पाहुणा क्लबात आला की हातात ग्लास मिळण्याआधी त्याला ते वाचावं लागे, आणि वाचून झाल्यावर मान हलवावी लागे.

पत्र लहानच होतं.

"प्रिय मि. पिटकेर्न, तुम्हाला माझं नाव आठवणार नाही, पण माझा झेंडा आठवत असेल. अंतिम सामन्यात तुमच्या बाजूचा लाइन्समन मी होतो. त्या क्षणी गोलच्या खांबापाशी मला तुमचा एक खेळाडू दिसला, म्हणून मी झेंडा वर केला नाही. सामन्याची फिल्म मी नंतर पुन्हा पुन्हा पाहिली. तीत खांबापाशी कुणीही दिसत नाही. म्हणजे जे नव्हतं ते मला दिसलं. तुमचा हात वर गेला तेच बरोबर होतं. त्यानंतर मी झेंडा हातात धरलेला नाही. जमल्यास दोन ओळी लिहा. आपला, ह्यू ऑलिफंट, गणित शिक्षक, पेस्ली."

पत्र आलं तेव्हा वॉटीने ते खिशात घालून क्लबात नेलं आणि मित्रांना वाचून दाखवलं. मित्रांनी ते बारवाल्याला दाखवलं. दुसऱ्या दिवशी चौकट आली. तेव्हापासून गावात कुणाला नसलेलं काही दिसलं, समजा मुलाच्या प्रगतिपुस्तकात चांगले मार्क दिसले, तर लोक म्हणत, "ऑलिफंटचं भूत असेल."

उत्तराचं काय, असं वॉटीच्या बायकोने, जेसीने, एकदा विचारलं होतं. "तो मनुष्य दोन ओळी मागतोय."

"मग? कबुलीजबाबाला कुणी पोच देतं का?" वॉटी म्हणाला होता. जेसी जाऊन आता बरीच वर्षं झाली.

वॉटी कॉलीबर्नमध्येच जन्मला, तिथेच खेळला आणि तिथेच राहिला. उंच, हाडापेराने मजबूत, पळायला जरा जड. बचावफळीच्या मधोमध तो उभा राहिला की समोरच्या गड्याला वळसा घालून जावं लागे, आणि वळसा घालेपर्यंत वॉटीचा पाय तिथे पोचलेला असे. रोव्हर्सकडून त्याने आख्खी जवानी काढली. स्कॉटलंडकडून तो एकदाच खेळला, तोही कुणाचा तरी गुडघा सुजला म्हणून, शेवटची काही मिनिटं. चेंडूला त्याचा पाय दोनदा लागला. पैकी एकदा चेंडू मैदानाबाहेर गेला. त्याबद्दल देशाने त्याला गोंड्याची मखमली टोपी दिली. ती चहाच्या किटलीवर झकास बसते, हे जेसीच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून पिटकेर्नांच्या घरचा चहा देशाच्या इभ्रतीखाली गरम राहू लागला.

खेळ थांबल्यावर त्याने बेकरीची गाडी चालवली. गुडघे गेल्यावर तीही सोडली. एवढ्यावर माणूस विसरला जायला हरकत नव्हती. पण वॉटीला कुणी विसरू शकत नव्हतं, कारण त्याने हात वर केला होता.

झालं होतं असं. रोव्हर्स इतिहासात पहिल्यांदा आणि शेवटचं देशाच्या कपच्या अंतिम सामन्यात पोचले. समोर ग्लासगोची एक बडी टीम. कॉलीबर्नमध्ये तिचं नाव घ्यायची पद्धत नाही. हॅम्पडनचं मैदान खच्चून भरलेलं. रोव्हर्स एका गोलने पुढे, आणि सामना संपायला तीन मिनिटं. तेवढ्यात त्यांच्यातल्या कुणी तरी लांबून चेंडू टाकला आणि त्यांचा पुढचा गडी वॉटीच्या खांद्याला खांदा घासून निसटला. वॉटीने मागे पळायच्या ऐवजी उजवा हात सरळ आभाळात केला. चेंडू येताना पुढच्या गड्याच्या आणि गोलच्या मध्ये गोलकीपर सोडून आपला एक तरी माणूस नसला की तो ऑफसाइड. आणि आपली सगळी फळी तर इथे, वॉटीच्या रेषेत उभी. म्हणजे तो ऑफसाइडच. वॉटी हात वर करून उभा राहिला, झेंडा खाली राहिला, चेंडू जाळ्यात गेला. जादा वेळेत आणखी एक गेला.

पुढच्या पन्नास वर्षांत कॉलीबर्नने या एका क्षणावर बरंच काही उभं केलं. रोव्हर्सच्या घरच्या प्रत्येक सामन्यात सत्त्याऐंशीव्या मिनिटाला सगळा स्टँड उजवा हात वर करी. उजव्या हातात बोव्हरिलचा, म्हणजे गरम बीफच्या काढ्याचा कप असला, तर तो डाव्या हातात घेऊन करी. एकदा तर रोव्हर्सच्याच बचावपटूंनी स्टँडकडे पाहिलं, त्यांना वाटलं ऑफसाइड आहे, ते थांबले आणि गोल खाल्ला. त्याबद्दल कुणी त्यांना बोल लावला नाही. वर्गणी काढून चौकातल्या माशांच्या दुकानाच्या भिंतीवर वॉटीचं दुमजली चित्र काढलं, हात वर केलेलं. चित्राच्या पायाशीच बसथांबा होता. त्यामुळे परगावच्या लोकांना वाटे की या गावाला आपल्या बससेवेचा फार अभिमान आहे.

आणि दरवर्षी त्या सामन्याच्या दिवशी वर्धापनदिनाचं डिनर. सूप, बीफ, गोडाला ट्रायफल आणि वॉटीचं भाषण. मैदानावर जो मनुष्य पंचाशीही धड बोलत नसे तो या भाषणात खुलायचा. टेबलावरच्या मीठदाण्या मांडून तो रेषा दाखवायचा आणि शेवटी नुसता हात वर करायचा. लोक उभे राहायचे. कप जिंकलेल्या टीमच्या बचावपटूला इतकी वर्षं कुणी जेवायला बोलावलं असतं का, असा विचार वॉटीच्या मनात कधी कधी यायचा. तो ट्रायफलबरोबर गिळून टाकायचा.

डिनरचं पन्नासावं वर्ष आलं तेव्हा क्लबची सेक्रेटरी एफी लम्सडेन हिला एक कल्पना सुचली. एफी बारही सांभाळायची आणि क्लबही, आणि दोन्हीकडे तिचाच शब्द शेवटचा असे.

"ऑलिफंट जिवंत आहे," ती वॉटीला म्हणाली. "त्याच्या मुलीला शोधून काढलं. त्याला डिनरला आणायचं. तो स्टेजवर उभा राहून माफी मागेल, तू त्याचा हात हातात घ्यायचास, वर करायचास. फोटो. तिकिटं एका दिवसात संपलीत."

"तो यायला तयार आहे?"

"हे बघ ना तिने काय लिहिलंय."

मुलीने लिहिलं होतं की बाबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, वृद्धाश्रमात असतात, ऐकू कमी येतं, पण येतील. गेली कित्येक वर्षं ते मि. पिटकेर्नांच्या दोन ओळींची वाट पाहत होते. निमंत्रण आल्यापासून माफीचं भाषण लिहीत आहेत. रोज लिहितात, रोज फाडतात.

वॉटीने ते वाचून एफीला परत दिलं. चौकटीतल्या पत्राकडे त्याने त्या दिवशी पाहिलं नाही.

त्यानंतर आठवडाभरातच पाद्री मेंझीसच्या घराची आवराआवर निघाली. पाद्रीबुवा वारून काळ लोटला होता, आता त्यांच्या पत्नीही गेल्या. माळ्यावर फिल्मच्या रिळांचा खोका निघाला. पाद्रीबुवांना हाताच्या कॅमेऱ्याचा नाद होता. लग्नं, बारशी, दफनं, काही सोडत नसत. एका डब्यावर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "हॅम्पडन. बघवत नाही." आणि खरोखरच त्यांनी ती फिल्म कुणाला दाखवली नव्हती, बहुधा स्वतःही पाहिली नव्हती.

एफीने ती ग्लासगोला पाठवून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. डिनरला मोठ्या पडद्यावर लावायची म्हणून. एका दुपारी तिने वॉटीला क्लबात बोलावलं, दार आतून लावलं आणि त्याच्यापुढे शॉर्टब्रेड बिस्किटांची बशी ठेवली. एफी फुकट शॉर्टब्रेड देत नसे, त्यामुळे वॉटी सावध झाला.

"आधी बघ, मग बोल," ती म्हणाली.

पाद्रीबुवा गोलच्या मागच्या बाजूला, अगदी खालच्या पायरीवर उभे होते. टीव्हीचा कॅमेरा मैदानाच्या मधोमध होता. तो चेंडूमागे धावला होता आणि चेंडू जाळ्याशी येईपर्यंत खांब त्याच्या चौकटीत नव्हताच. पाद्रीबुवांचा कॅमेरा मात्र हलला नव्हता. जाळ्याच्या चौकड्यांतून सगळं दिसत होतं. दूरवर रोव्हर्सची फळी. मध्ये वॉटी, तरुण, ताठ. आणि इकडे, खांबाच्या अगदी कडेला, कॅमेऱ्याकडे तोंड करून डावा बचावपटू डॉड रेनी ओणवा झाला होता. जाळ्यात गोलकीपरची टोपी पडली होती. डॉडने टोपीतून रुमाल काढला, रुमालातून दात काढले, शर्टाला पुसले आणि तोंडात बसवले. मग जबडा डावीकडे उजवीकडे हलवून ते नीट बसले का हे त्याने पाहिलं. त्याच वेळी त्याच्या मागे, दूर, वॉटीचा हात वर गेला.

तेव्हा डॉड वळला, चेंडू येताना पाहून आडवा पडला आणि चेंडूबरोबर जाळ्यात गेला. टीव्हीवर एवढंच दिसलं होतं. त्यावरून गाव पन्नास वर्षं म्हणत होतं, बाकी सगळे हात वर करून उभे राहिले, जिवाच्या आकांताने मागे पळाला तो एकटा डॉड.

"पुन्हा लावू?" एफीने विचारलं.

"नको."

"दात," एफी म्हणाली. "एवढ्या मोठ्या टीमपुढे आपण दातांपायी हरलो."

त्या काळी बचावपटूंना समोरचे दात नसणं ही काही बातमी नव्हती. सामन्याआधी जो तो आपापली कवळी ट्रेनरच्या डब्यात टाकी. वॉटीचीही तिथेच असे. पण ट्रेनर मैदानाच्या पलीकडच्या अंगाला, आणि कप हातात देणार कुणी लॉर्डची बायको, फोटोवाल्यांसमोर; म्हणून डॉडने आपले दात जवळच, गोलकीपरच्या टोपीत ठेवले असणार. वॉटीला आता आठवलं. डॉडची नॅन, तेव्हा त्यांचं नुसतं ठरलेलं, सकाळी बसपाशी येऊन म्हणाली होती, "पेपरात बोळक्याने दिसलास तर अंगठी परत."

"हे कुणाला दाखवायचं नाही," एफी म्हणाली. "मी विचार केलाय. म्हातारा येईल, माफी मागेल, त्याला हलकं वाटेल. लोकांना हलकं वाटेल. कुणाचं काही जात नाही."

"त्याचे डोळे जातात."

"म्हणजे?"

वॉटीने डार्टच्या फळीकडे बोट केलं. "त्याला खांबापाशी माणूस दिसला होता, एफी. माणूस होता. आपण त्याला पन्नास वर्षं भूत दाखवतोय."

"बरं, मग भिंतीवरचं चित्र पुसायचं? रंग कुठला आणू? तू हात वर करून उभा राहिलास आणि तो ऑफसाइड नव्हता, तर मग तू काय करत होतास तिथे?"

गेला अर्धा तास वॉटी याच प्रश्नापासून दूर पळत होता. आणि पळण्यात तो कधीच तरबेज नव्हता. ऑफसाइड होता तोवर तो फसवला गेलेला बचावपटू होता. ऑफसाइड नव्हता तर तो नुसता थांबलेला बचावपटू. अशांना कुणी बीफ वाढत नाही.

त्याने शॉर्टब्रेड तसंच ठेवलं आणि डॉडकडे गेला.

डॉड आपल्या कांद्यांच्या वाफ्यात होता. गावच्या प्रदर्शनात मोठ्या कांद्याचं बक्षीस त्याचं ठरलेलं. गुडघ्याखाली गोणपाट घेऊन तो पाती सारख्या करत होता.

"डॉड, पाद्रीबुवांची एक फिल्म सापडलीय."

"माझ्या लग्नाची? ती जाळा."

"हॅम्पडनची. गोलच्या मागून घेतलेली."

डॉडचा हात पातीवरच राहिला. "स्पष्ट आहे?"

"तुझे दात मोजता येतील इतकी."

डॉड हळूहळू उठला आणि उलट्या बादलीवर बसला. वॉटीसाठी त्याने दुसरी बादली पायाने सरकवली.

"मला वाटायचं तुला माहीत आहे," डॉड म्हणाला.

"मला माहीत असतं तर मी पन्नास वर्षं हात वर करून हिंडलो असतो?"

"तेच म्हणतो मी. मी नॅनला म्हणायचो, काय दोस्त आहे बघ. माझ्यासाठी सगळं नाटक करतो. एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही."

"नॅनला ठाऊक आहे?"

"सामन्याच्या रात्रीच सांगितलं. आठवडाभर हसत होती. मग म्हणाली, वॉटी काही बोलत नाही तोवर तूही बोलू नको."

वॉटीने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "दर वर्षी डिनरला सगळ्यात उंच हात तुझा असतो, गाढवा."

"मग काय खाली ठेवू? लोकांना संशय आला असता."

वॉटीला हसू येत होतं आणि ते येऊ नये असंही वाटत होतं. त्याने ऑलिफंटच्या भाषणाचं सांगितलं. तो रोज लिहितो, रोज फाडतो. डॉड ऐकत होता. चौकटीतलं पत्र त्यालाही पाठ होतं, इतरांपेक्षा जरा जास्तच.

"आता?" डॉडने विचारलं.

"उत्तर लिहितो त्याला."

"लिही. बूट बांधत होता म्हण."

"गणिताचा मास्तर आहे तो. फिल्म मागवेल."

"मग खांबापाशी उभा होता एवढंच लिही. का उभा होता ते त्याने विचारलंय कुठे?" डॉडने जिभेने वरचे दात चाचपले, कवळी नवी होती, सवय जुनी. "आणि तू? गाव तुला काय म्हणेल?"

"थांबला म्हणेल."

"थांबलाच होतास."

"हो."

"मी ओरडलो असतो तर पळाला असतास," डॉड म्हणाला. "पण तोंडात दात जात होते."

संध्याकाळी वॉटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. किटलीवर देशाची टोपी होती. भाषण करायची त्याला सवय होती. पण भाषणात माणूस समोरच्यांना हवं ते सांगतो, आणि इथे समोर एकच मनुष्य होता, ज्याला आपणच खोटा ठरवून ठेवलेला. पहिल्या कागदावर त्याने सगळा सामना लिहून काढला. दुसऱ्यावर कारणं लिहिली. ती वाचताना त्याच्या लक्षात आलं की आपण पुन्हा मीठदाण्या मांडतो आहोत. ते दोन्ही कागद त्याने चुलीत घातले. ऑलिफंटचं रोज लिहिणं आणि फाडणं काय असेल, ते त्याला जरासं कळलं.

शेवटी लिहिलं ते असं.

"प्रिय मि. ऑलिफंट, उत्तराला उशीर झाला. तुम्हाला खांबापाशी माणूस दिसला, कारण तिथे माणूस होता. आमच्याकडे आता त्याची फिल्म आहे. तुमचा झेंडा खाली राहिला ते बरोबर होतं. माझा हात चुकला. मी पळायला हवं होतं. डिनरला अवश्य या, पण भाषण लिहू नका. माफी आम्ही मागू. आम्हाला सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या. आपला, वॉल्टर पिटकेर्न."

सकाळी तो आधी डॉडकडे गेला. डॉडने फाटकाशीच उभ्या उभ्या पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कानामागची पेन्सिल काढली. कांद्यांच्या पाट्या लिहायची ती जाड पेन्सिल. फाटकाच्या खांबावर कागद ठेवून त्याने खाली लिहिलं, "ता. क. ते भूत मी. दात घालत होतो. डॉड रेनी, डावा बचावपटू."

"दातांचं लिहायचं नव्हतं ना?"

"काल रात्री नॅन म्हणाली, अर्धवट सांगशील तर जेवायला मिळणार नाही."

एफीला सांगणं भाग होतं. ती बारची फळी पुसत होती. पत्र तिने वाचलं आणि पुसलेलीच जागा पुन्हा पुसली.

"गाव तुझ्या घराच्या काचा फोडेल," ती म्हणाली.

"फोडू दे."

"आणि तिकिटं परत मागतील."

"मागू दे."

ती पुन्हा एकदा पत्राच्या तळाशी गेली, पेन्सिलीच्या अक्षरांशी. वॉटीला तिचा चेहरा ओळखीचा होता. बारवर गर्दी वाढणार असली की तो असा व्हायचा.

"दात घालत होतो," ती स्वतःशीच म्हणाली. "कदाचित नाही मागणार. उलट दुसरा हॉल घ्यावा लागेल." मग चौकटीकडे पाहून म्हणाली, "एक नक्कल करून दे मला. शेजारी जागा आहे."

"नक्कल नाही. ते त्याचं पत्र आहे. आणि हे चौकटीतलं उतरवून ठेव."

"भिंतीवर डाग दिसेल."

"दिसू दे."

टपालपेटी चौकात, माशांच्या दुकानाच्या भिंतीपाशी होती. वर दोन मजली वॉटी हात उंचावून उभा. खाली सत्त्याहत्तर वर्षांचा वॉटी पाकिटावरचा पत्ता पुन्हा तपासत उभा. वरच्याकडे पाहायचं त्याने टाळलं. तो पोरगेला माणूस इतक्या ठाम विश्वासाने हात वर करून होता, की त्याला काही सांगायला जाणं जिवावर आलं.

पाकीट उजव्या हातात होतं. खांदा आखडलेला, त्यामुळे हात पेटीच्या फटीपर्यंत नेताना जरा उंचच गेला. तेवढ्यात बस आली, त्याच्यासमोर थांबली आणि दार उघडलं. ड्रायव्हरने रिवाजाप्रमाणे स्वतःचा उजवा हात वर केला.

"चढतोस का, वॉटी?"

"नाही रे. पत्र टाकत होतो," वॉटी म्हणाला, आणि पाकीट आत सोडलं.